पाच चुली आणि सुनेची झोप

अणदुरात खंडोबाच्या देवळाकडून बाजाराकडं निघालं की वाटेत एक कडुलिंबाचं झाड लागतं. त्याच्याखाली बाजेवर एक म्हातारा बसलेला दिसेल, तो मी. माझं नाव रेवणसिद्ध. गाव मला रेवणआप्पा म्हणतं. सून घरात आली तेव्हा लोक तिला 'रेवणआप्पांची सून' म्हणायचे. आता उलटं झालंय. परवा सोलापूरकडून आलेल्या एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "आजोबा, कडक भाकरीवाल्या शिवलीलाबाई तुमच्या कोण?" म्हटलं, "सून." तो गाडीतून उतरून पाया पडला. सत्तरी ओलांडली माझी, पण माझ्या स्वतःच्या कर्तबगारीपायी आजवर कुणी गाडीतून उतरलं नव्हतं.

ही गोष्ट त्याच सुनेची. तिच्या भाकरीची चव पुण्यापर्यंत ठाऊक आहे, ती मी सांगायची गरज नाही. मी सांगतोय तिच्या झोपेची. ती फक्त आमच्या घराला ठाऊक आहे, आणि झोप नसती तर भाकरीही राहिली नसती.

शिवलीला कर्नाटकातल्या आळंदकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी समजायचं, पण बोलताना अडखळायची. आता मराठी अशी बोलते की बाजारात कुणी तिच्या नादाला लागत नाही. तरी चूल नीट पेटली नाही की अजून ती चुलीला कानडीत बोल लावते, आणि चूल पेटते. कडक भाकरी तिनं माहेराहून आणली. भाकरी आमच्याकडंही होतीच, पण ही वेगळी. मालदांडी ज्वारीचं पीठ, वर तीळ, थापताना इतकी पातळ करायची की तव्यावर टाकताना पलीकडचा हात दिसावा. मग तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी करायची, पार वाळून पापडासारखी होईपर्यंत. दुरडीत झाकून ठेवली की महिनाभर तिला काही होत नाही. वर शेंगाची चटणी आणि तेल. बाकी काही लागत नाही.

एका जत्रेला दारात चार दुरड्या मांडून बसली, आणि त्या दुपारच्या आत संपल्या. तिथून सुरुवात. मागच्या पडवीत दोन चुली मांडल्या, मग तिसरी, करता करता पाच झाल्या. आळीतल्या बायका कामाला येऊ लागल्या. त्यांच्यात प्रेमाबाई म्होरकी. नवरा गेल्यावर तिनं लोकांच्या रानात खुरपलं, पण सावलीत बसून हाताला काम मिळालं ते आमच्या पडवीत. पाच चुली म्हणजे पाच घरांची मिळकत.

धंदा वाढला तशी शिवलीलाची झोप आटली. गाव झोपल्यावर ती झोपायची आणि कोंबड्याच्या आधी उठायची. मधल्या वेळात मोबाईल उशापाशी, त्यावर लोकांच्या ऑर्डरी. जेवण कधी? सगळ्यांचं झाल्यावर, उभ्यानंच, टोपलीतली मोडकी भाकरी नि वाटीभर दही. दिवसभर चहा. तोंड सुकलेलं, डोळे चुरचुरणारे. आधी घरात हसणं कमी झालं, मग चुलीशी कानडी बोलणं बंद झालं. चुलीवर रागावण्याइतकीही ताकद उरली नव्हती तिच्यात.

झोप मोडलेल्या माणसाचं काय होतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमचे चुलते शंभूआप्पा. त्यांनी जळकोटच्या एका माणसाकडून बैल विकत घेतला. पुढच्याच आठवड्यात नळदुर्गच्या बाजारातून परत येताना चुलते बैलगाडीत गाढ झोपले. रात्रभर रानाला पाणी दिलेलं, डोळा उघडेना. बैलानं काय करावं? सरळ जळकोटची वाट धरली आणि आपल्या जुन्या मालकाच्या दारात जाऊन उभा राहिला. चुलते डोळे चोळत उतरले, पाय धुतले, आत जाऊन भिंतीला टेकले आणि आतल्या बाईला म्हणाले, "वाढ गं लवकर, भूक लागलीय." ती बाई मालकाची बायको. बिचारीनं वाढलंही. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर चुलत्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "आपल्या घराला खिडकी कधी पाडली?" झोप अपुरी असली की माणूस बैलाच्या मर्जीनं चालतो, एवढं मी तेव्हाच शिकलो.

तर त्या साली मार्गशीर्षातल्या जत्रेच्या आदल्या दिवशी शिवलीला चुलीपुढं बसल्या बसल्या झोपली. हातात उलथणं, मान खाली, आणि पदर निखाऱ्यावर. प्रेमाबाईनं काटवटीतलं पाणी फेकलं म्हणून बरं. पदराचा काठ जळला, अंगाला काही झालं नाही. पण माझ्या पोरानं, मल्लेशनं, ते दारातून बघितलं. तो टेम्पोतून ज्वारीची पोती उतरवत होता. पोतं तसंच टाकून आत आला. चेहरा पांढरा पडलेला.

"परत असं झालं," तो सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "तर म्या पहार घालून पाची चुली उकरून टाकीन. मला भाकरी नको. मला माणूस पाहिजे."

मल्लेश माझ्यासारखा बोलघेवडा नाही. वर्षातून चार वाक्यं बोलतो, आणि बोललेलं करतो. पडवीच्या कोपऱ्यात त्याची पहार उभी होती, ती त्या दिवसापासून तिथंच राहिली. शिवलीला येता जाता तिच्याकडं बघायची.

आता आमच्या देवाचं एक सांगायला हवं. आमचा खंडोबा वर्षभर एका गावात राहत नाही. इथली जत्रा झाली की पालखीतून नळदुर्गाला जातो, पौषातली तिथली जत्रा उरकतो आणि मग परत आमच्याकडं येतो. दोन्ही गावांचा तसा करारच आहे. तर पौषात आम्ही दर्शनाला नळदुर्गाला गेलो, मी, सून आणि माझी बायको रुद्रम्मा. दर्शन झाल्यावर मी दोघींना शरणबसप्पा वैद्याकडं नेलं. बाजारात त्याची एका खोलीची जागा आहे. शाळेत तो माझ्या एक वर्ग पुढं होता. औषध कमी देतो नि बोलणी जास्त. लेकीबाळींना तो तायी म्हणतो, म्हणजे कानडीत आई.

नाडी बघून त्यानं विचारलं, "तायी, जेवतेस कधी?"

"जेवते की."

"बसून कधी जेवतेस, ते विचारलं."

शिवलीलानं मान खाली घातली. रुद्रम्मानं पदरात तोंड घातलं, कारण सासू म्हणून ते तिलाही लागलं.

"आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे," तो म्हणाला. "रक्त कमी असलं तर त्यांच्या गोळ्या घे, त्याला माझी ना न्हाय. बाकीचं माझ्याकडं. सूर्य डोक्यावर आला की पोटातला अग्नी जोरात असतो. तवा पोटभर जेवायचं, बसून. रातचं जेवण दिवेलागणीच्या आत, हलकं. मुगाचं वरण, ज्वारीच्या कण्या. दही रातीला बंद. दिवस मावळला की चहा बंद."

"आणि तुम्ही?" मी म्हटलं, कारण त्याच्यापुढं चहाचा कप होता आणि दिवस मावळतीलाच आला होता.

"म्या वैद्य हाय," तो म्हणाला. "म्या सांगायचं काम करतो."

मग पुढचं सांगितलं. झोपायच्या आधी तिळाचं तेल कोमट करून काशाच्या वाटीनं तळपाय घासायचे. कपभर दुधात चिमूटभर जायफळ. पहाटे उठणं चांगलं, पण जो लवकर झोपलाय त्यानं उठावं. दिवसा झोपायचं नाही, जडपणा येतो. मोबाईल झोपायच्या खोलीत नाही.

घरी आल्यावर शिवलीलानं सगळं जसंच्या तसं लागू केलं, आणि नुसतं स्वतःला नाही. म्हणाली, "मामा, म्या एकटी दिवेलागणीला जेवणार आणि तुमी गप्पा मारून नऊला येणार, मग तुमाला वाढायला कोण जागणार?" बरोबर होतं. तर सगळ्या घराचं ताट दिवस मावळायच्या आत पडायला लागलं. मोबाईल रुद्रम्माच्या ट्रंकेत गेला. ट्रंकेला कुलूप. संध्याकाळी ट्रंक आतून वाजायला लागायची आणि रुद्रम्मा तिच्यावर हात ठेवून बसायची, रडणाऱ्या लेकराला थोपटावं तशी.

पहिले आठ-पंधरा दिवस अवघड गेले. संध्याकाळी इतक्या लवकर जेवायची कुणाला सवय? अंधार पडून थोडा वेळ झाला की पोटात कावळे. आणि घरात दुरड्यांनी भरलेली कडक भाकरी. आता ही भाकरी अशी आहे की ती चोरून खाता येत नाही. दात लावला की आवाज देवळापर्यंत जातो. मी गोधडी डोक्यावर घेऊन खायचो. मल्लेश गोठ्यात जाऊन खायचा, म्हशीच्या रवंथात आवाज मिसळतो म्हणून. सकाळी पाकिटं भरताना भाकऱ्या कमी भरायच्या आणि प्रेमाबाई उंदरांना शिव्या घालायची. शिवलीलानं एक दिवस मला विचारलं, "मामा, तुमच्या गोधडीत तीळ कसे?" मी म्हटलं, "संक्रांत जवळ आलीय." गोठ्यातून मल्लेशही सापडला. पण रुद्रम्मा सापडेना. ती साळसूद तोंड करून आम्हा बापलेकाला बोल लावायची. शेवटी तिच्या दुधाच्या कपाच्या तळाशी भाकरीचा लगदा निघाला. ती भाकरी जायफळाच्या दुधात भिजवून खात होती. आवाजच नाही. पंचावन्न वर्षं संसार केला मी हिच्यासोबत, आणि हिचं डोकं मला तेव्हा कळलं.

त्यावर शिवलीला हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. तिनं कुणाला रागे भरलं नाही, दुपारचं जेवण भरपूर वाढायला लागली, आणि मग आपोआप रात्रीची भूक मावळली.

चुलींच्या कामाचीही तिनं घडी बदलली. बायका आता उजाडल्यावर यायच्या. हायवेच्या हॉटेलवाल्याला तिनं सांगितलं, संध्याकाळी मागणी आली तर भाकरी सकाळी मिळेल. तो फुरंगटला, दोन दिवस दुसरीकडून घेतली, तिसऱ्या दिवशी आला. सरकारी गोळ्या चालू होत्याच. महाशिवरात्रीपर्यंत सून पार बदलली. न उठवता उठायची. डोळे स्वच्छ. हात असा चालायचा की प्रेमाबाई म्हणायची, "बाई, जरा दमानं, आमची लाज ठेव." आणि एका सकाळी पडवीतून कानडीत बोलणं ऐकू आलं. चूल पेटत नव्हती, शिवलीला तिला बोलत होती. मी बाजेवर बसल्या बसल्या रुद्रम्माला म्हटलं, "ऐकलंस का? आली परत." रुद्रम्मानं नुसती मान हलवली आणि डोळे पुसले. धूर गेला म्हणाली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आमची सून म्हणजे एकदा धरलं की सोडायचं नाही अशी. वैद्यानं सांगितलेलं एकही पथ्य तिनं मोडलं नाही. चैत्र लागला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, दुपारी पाखरूसुद्धा उडत नाही. त्यात पाच पेटलेल्या चुली. बायका दुपारी जरा लिंबाखाली आडव्या व्हायच्या. शिवलीला मात्र ताठ बसून. "दिवसा झोपायचं न्हाय, वैद्यांनी सांगितलंय." दूध गरम, जेवण तिळाचं नि तुपाचं, अंगाला तेल, आंघोळ कढत पाण्याची. आम्हाला वाटलं, जे लागू पडलं तेच चालू ठेवलेलं बरं. रोज तिचा चेहरा उतरत होता. रात्र लहान, घामानं झोप लागेना, आणि दिवसा ती डोळा मिटेना.

एका दुपारी ती भाकरी उलटायला वाकली आणि बाजूला कलंडली. या वेळी पदर जळला नाही, पण ती शुद्धीवर यायला जरा वेळ लागला. तोंडावर पाणी मारलं, सावलीत आणली. डोळे उघडून पहिलं काय म्हणाली? "मल्लेशला सांगू नका."

मल्लेश मागंच उभा होता.

त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली. प्रेमाबाई भिंतीला टेकली. बाकीच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मी काहीतरी बोलावं, जन्मभर बोललोय. पण पोराचं तोंड बघितलं आणि मागं सरलो. तो रागावलेला नव्हता. भ्यालेला होता. तेवढ्यात रुद्रम्मा उठली, पदर खोचला आणि मधल्या विझलेल्या चुलीवर जाऊन बसली. राखेत.

"घाल," ती म्हणाली. "पहिली म्या."

"आई, उठ."

"बायकोची काळजी करायलास, चांगलं हाय. बापाला तेवढी अक्कल न्हवती. पण वैद्याला न विचारता चूल मोडायची न्हाय. त्यांनी म्हटलं मोड, तर म्या स्वतः उकरून देते."

मल्लेशनं पहार खाली टेकवली, पण हातातून सोडली नाही. तशीच टेम्पोत घालून ती नळदुर्गापर्यंत नेली. मी मधे, पलीकडं शिवलीला, पायाशी पहार. अशा थाटात आम्ही वैद्याच्या दारात उतरलो.

शरणबसप्पानं नाडी बघितली, जीभ बघितली. मग तिला काय काय करतेस ते सांगायला लावलं. ती सगळं पाठ म्हटल्यासारखं बोलली. तेल, तूप, तीळ, कढत पाणी, दिवसा झोप नाही. सांगताना तिच्या आवाजात जरा अभिमानही होता, कारण एक दिवससुद्धा चुकवला नव्हता.

वैद्यानं कपाळाला हात लावला.

"तायी, तू आलीस तवा देव कुठं होता?"

"इथंच. नळदुर्गात."

"आता कुठं हाय?"

"आमच्याकडं. अणदुरात."

"म्हणजे देवसुद्धा हिवाळ्याचा मुक्काम संपवून गेला. आणि तू अजून पौषातच बसलीस व्हय?" तो कप बाजूला ठेवून पुढं सरकला. "ती पथ्यं थंडीची होती, बाई. थंडीत भूक मोठी, रात्र मोठी, म्हणून तेल-तूप आणि दिवसा झोप न्हाय. उन्हाळ्यात रात्र लहान, अंग कोरडं पडतं. आता दुपारी झोपायचंच. वर्षातली हीच तेवढी येळ अशी, की दिवसा झोपायला शास्त्राची परवानगी हाय. सातूचं पीठ पातळ करून साखर घालून पी. माठात वाळा टाक. कढत पाणी बंद. आणि दुपारच्या उन्हात चूल कशाला पेटवतीस? चुलीलाबी झोपू दे."

मग माझ्याकडं वळला. "आणि रेवणसिद्धप्पा, तुमी सगळे देवाची पालखी दरसाल आणता-नेता. एकाच्याबी डोक्यात आलं न्हाय?"

खरंच आलं नव्हतं. पण ते मी त्याला कबूल केलं नाही, शाळेत तो माझ्या पुढं होता म्हणून काय झालं.

मल्लेश इतका वेळ दाराशी उभा होता. वैद्य म्हणाला, "बाहेर टेम्पोत पहार दिसतीय. विहीर खणायची का?"

"चुली उकरायच्या होत्या," मल्लेश म्हणाला.

"जत्रेपर्यंत थांब. तोवर ऋतूप्रमाणं वागून बघ म्हणावं. जमलं न्हाय तर उकर, म्याबी येतो हात लावायला."

मल्लेशनं बाहेर टेम्पोकडं बघितलं. "जत्रेपर्यंत," एवढंच म्हणाला. पहार परत कोपऱ्यात उभी राहिली.

त्या उन्हाळ्यापासून आमच्या पडवीचा दिवस असा झाला. ऊन तापायच्या आत चुली विझायच्या. सगळ्याजणी बसून जेवायच्या, गोल करून, शिवलीला मधे. मग लिंबाखाली सतरंजी. पाचही बायका आणि माझी सून, सहा जणी ओळीनं झोपलेल्या. प्रेमाबाई घोरते हे त्यातून गावाला कळलं. आणि मला या म्हातारपणी नोकरी लागली. दुपारी जे गिऱ्हाईक येईल त्याला मी थोपवायचं. हॉर्न वाजवायचा नाही, हाक मारायची नाही, बाजेवर बसायचं. बसला की मी त्याला माठातलं पाणी द्यायचो आणि शंभूआप्पांच्या बैलाची गोष्ट सुरू करायचो. ती पुरली नाही तर दुसरी. लातूरचा एक व्यापारी लई घाईत आला होता. बैल जळकोटच्या वाटेला लागला तोवर तो घड्याळ बघत होता. खिडकीपर्यंत आलो तर तो स्वतःच बाजेवर आडवा. सगळ्यात शेवटी तोच उठला, आणि जाताना दुप्पट पाकिटं घेऊन गेला. शिवलीला म्हणाली, "मामा, तुमच्या गोष्टीनं झोप येते, हे आधी म्हाईत असतं तर जायफळ आणलंच नसतं."

मी ते कौतुक समजूनच घेतलं.

पावसाळा लागला तसं तिनं मला विचारलंही नाही. स्वतः वैद्याला फोन करून विचारलं. दुपारची झोप बंद, सुंठ आणि आलं चालू, धान्य जुनं. पुन्हा थंडी पडू लागली तशी तेलाची वाटी बाहेर आली. आता ती दर ऋतूला घराचं सगळं वेळापत्रक उलटंपालटं करते आणि आम्ही कुरकुर न करता मागं जातो. तिच्या पाठीमागं चालायची आम्हाला सवय झालीय, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं. माझे गुडघे आधीपेक्षा कमी बोलतात. रुद्रम्माला रात्री दोनदा उठावं लागायचं, ते थांबलं.

मग मार्गशीर्ष आला आणि जत्रा.

तुम्ही अणदूरची जत्रा पाहिली नसेल तर सांगतो, त्या दिवसांत गाव मावत नाही. भाकरीची मागणी एरवीच्या कितीतरी पट. आदल्या साली ह्याच दिवसांत पदर जळला होता, आणि ह्याच जत्रेपर्यंतची मल्लेशची मुदत होती. सगळ्यांच्या मनात तेच. बायका म्हणाल्या, जत्रेपुरती तरी रात्रपाळी करू. शिवलीला म्हणाली, "न्हाय." तिनं दिवाळीनंतरच रोज दोन दुरड्या जास्तीच्या बाजूला ठेवायला सुरुवात केली होती. दिवसाउजेडी काम, रोज थोडं. "अगं, ही भाकरी महिना टिकते," ती प्रेमाबाईला म्हणाली. "मग एका रातीत मरायचं कशाला?" इतकी वर्षं आम्ही टिकणारी भाकरी करत होतो आणि ताज्या भाकरीसारखी धावपळ करत होतो. जत्रेआधी आतली खोली आढ्यापर्यंत दुरड्यांनी भरली.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून दारात रांग. शिवलीला दिवसभर हलली नाही, फक्त दुपारी उठून बसून जेवली. रांगेतल्या माणसांना थांबवून. एकजण कुरकुरला तर प्रेमाबाई म्हणाली, "तुमी घरी उभ्यानं जेवता व्हय?" दिवस मावळला. दिवेलागणी झाली. रांग अजून होती, आणि खोलीतल्या दुरड्या संपत आलेल्या. बाहेरगावचा एक माणूस म्हणाला, "बाई, चुली पेटवा ना. किती पैसे म्हणाल तेवढे देतो. सकाळी लवकर निघायचंय."

शिवलीलानं चुलीकडं बघितलं. मी तिला ओळखतो. दारात आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं तिच्या जिवावर येतं. एक पाय पुढं पडलाही असेल.

तेवढ्यात मल्लेश आतून आला आणि दाराच्या आडवा उभा राहिला.

"बाईची झोपायची येळ झाली," तो म्हणाला. "आता चूल पेटणार न्हाय. उद्या उजाडल्यावर या. सकाळच्या पहिल्या दोन दुरड्या म्या तुमच्यासाठी राखून ठेवतो."

"अहो, जत्रा आहे."

"जत्रा खंडोबाची हाय," मल्लेश म्हणाला. "बायको माझी हाय."

वर्षातलं चौथं वाक्य होतं ते, माझ्या हिशेबानं. रांगेतली एक म्हातारी हसली, मग बाकीचेही हसले आणि पांगले. तो माणूस सकाळी आला. उजाडायच्या आधी आला, तर मल्लेशनं त्याला ओट्यावर बसवून ठेवलं.

दोन दिवसांनी देवाची पालखी नळदुर्गाला निघाली. आम्ही वेशीपर्यंत पोचवून परत आलो तर पडवीतून खणण्याचा आवाज येत होता. प्रेमाबाई पळतच आत गेली. मल्लेश गुडघ्यावर बसून पहारीनं जमीन उकरत होता. प्रेमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण पाची चुली जागच्या जागी होत्या, नव्यानं सारवलेल्या. तो उकरत होता ती भिंतीकडची मोकळी जागा.

"हे काय करायलास?" रुद्रम्मानं विचारलं.

"सहावी," तो म्हणाला. आणि पहार पुन्हा जमिनीत घातली.

शिवलीला बघत उभी राहिली. मग खाली बसली, हातानं जागा मोजली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मल्लेशला कानडी येत नाही. पण त्यानं चुलीची जागा चार बोटं डावीकडं सरकवली.

आता थंडी आहे. माझी दुपारची नोकरी उन्हाळ्यापर्यंत बंद आहे, तोवर गिऱ्हाइकाला थोपवायचं काम नाही. तरी तुम्ही कधी अणदूरला आलात तर लिंबाखाली या. जळकोटच्या बैलाची गोष्ट मी कुठल्याही ऋतूत सांगतो.